परसातला पेरू : लागवड आणि आहारातील स्थान

दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाताना आपण हातात काय नेतो? बहुतेक जण सफरचंदे नेतात. ऐपत नसली तरी निदान चार सफरचंदे तरी नेतातच. पेरू घेऊन कोणी आजाऱ्याला भेटायला गेल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. पेरू म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर तिखट-मीठ लावून मिळणारी वस्तू, पोपटांनी टोचलेले फळ, फुकट मिळाले तर खाण्याचे फळ अशी आपली समजूत झालेली आहे. "गरिबाचे सफरचंद" असे म्हणून आपण त्याला पुन्हा सफरचंदाच्याच खालच्या पायरीवर बसवतो. ही समजूत किती चुकीची आहे आणि ती आपल्याला किती महागात पडते, हे सांगण्यासाठी सदर लेख लिहीत आहे.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद करतो. मी कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक आहे. शेतीशास्त्र किंवा वैद्यकशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. परंतु ग्रामीण शाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर काही वर्षे काम केल्यामुळे फळबागांची प्रकरणे हाताखालून गेली. घरच्या एका प्रसंगामुळे आहाराविषयी वाचण्याची गरजही पडली. त्या दोन्ही गोष्टींतून जे समजले ते विद्यार्थी मित्रांपुढे व समाजबांधवांपुढे ठेवतो.

घरातला प्रसंग

माझी मुलगी अकरावीत असताना तिला जिना चढताना दम लागू लागला. अभ्यासाला बसली की डोळे मिटायचे. आम्ही म्हणायचो, आळस करते. एके दिवशी कॉलेजात चक्कर येऊन पडली तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.६ निघाले. ते १२ च्या वर असायला हवे. मी घाबरून बाजारात गेलो आणि दोन किलो सफरचंदे घेऊन आलो. त्याच पैशांत त्या दिवशी पाच किलो पेरू आले असते. आणि खरे म्हणजे विकत घेण्याचीही गरज नव्हती. माझ्या वडिलांनी लावलेले पेरूचे झाड घरामागच्या परसात फळांनी लगडून उभे होते. मात्र "थंडीत पेरू खाल्ला की खोकला होतो" या आईच्या सांगण्यावरून मुलांना ते झाड जवळपास बंदच होते. फळे पोपट आणि खारी खात होत्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली आणि घरात काय काय शिजते ते विचारले. बाजरीची भाकरी, मेथी, डाळी, तीळ हे सगळे आमच्या ताटात होते. त्या म्हणाल्या, "लोह तुमच्या ताटात आहे, पण ते पोरीच्या अंगी लागत नाही. जेवल्यावर लगेच चहा देता ना? तो बंद करा. आणि परसात पेरू आहे म्हणता, मग जेवणासोबत पेरू द्या." मी सफरचंदांचा विषय काढला तेव्हा त्या हसल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ११.२ झाले होते. हा गुण प्रामुख्याने गोळ्यांचा, हे मी स्पष्ट सांगतो. पेरूने रक्तक्षय बरा होतो असा दावा कोणी करू नये. परंतु पेरूचे त्यात काम काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

लोह आणि 'क' जीवनसत्त्व

धान्य, कडधान्ये, पालेभाज्या यांतील लोह आपल्या आतड्यात सहजासहजी शोषले जात नाही. मांस-मासळीतील लोह त्या मानाने सहज शोषले जाते. वनस्पतींतील लोहाला शोषण्याजोग्या रूपात आणण्याचे काम 'क' जीवनसत्त्व करते. त्यासाठी अट एकच. दोन्ही गोष्टी एकाच जेवणात पोटात गेल्या पाहिजेत. सकाळी पेरू आणि रात्री मेथीची भाजी असे केल्याने हा लाभ होत नाही. उलट चहा-कॉफीतील टॅनिन लोहाला अडवून धरते. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे. पेरूमध्ये स्वतःचे लोह फारच थोडे असते. त्याचे महत्त्व दुसऱ्या अन्नातील लोह कामी लावण्यात आहे.

हा प्रश्न केवळ माझ्या घरचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. म्हणजे आपल्या वस्तीतील दर दोन मायबहिणींपैकी एकीला हा त्रास असण्याचा संभव आहे, आणि आपण तिला आळशी म्हणतो.

पेरूच्या अंगी काय आहे?

शंभर ग्रॅम पेरूत 'क' जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. तेवढ्याच वजनाच्या संत्र्यात ते साधारण ५० मिलिग्रॅम आणि सफरचंदात जेमतेम ५ मिलिग्रॅम असते. याबाबतीत आवळा पेरूच्या बरोबरीचा किंवा वरचढ आहे, पण आवळा कोणी पोटभर खाऊ शकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सुधारलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व हवे. याचा हिशेब केला तर मध्यम आकाराच्या अर्ध्या पेरूत एका माणसाची दिवसाची गरज भागते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्यामुळे शरीर ते फार काळ साठवून ठेवत नाही, जादा झालेले लघवीवाटे निघून जाते. म्हणून रविवारी चार पेरू खाऊन उरलेला आठवडा कोरडा घालवण्यापेक्षा रोज अर्धा पेरू खाणे शहाणपणाचे.

त्याखेरीज शंभर ग्रॅम पेरूत सुमारे ५ ग्रॅम तंतुमय भाग असतो. त्यामुळे कोठा साफ राहण्यास मदत होते आणि पोट भरल्यासारखे वाटते. पोटॅशियम सुमारे ४०० मिलिग्रॅम आणि फोलेट सुमारे ५० मायक्रोग्रॅम मिळते. फोलेट हे नवे रक्त तयार होण्यासाठी लागते व गरोदरपणात त्याचे विशेष महत्त्व आहे. इतके असून उष्मांक मात्र ७० च्या आतच राहतात. आतून गुलाबी असणाऱ्या पेरूत लायकोपीन हे रंगद्रव्य असते. टोमॅटोचा लाल रंगही याचाच.

पेरू कसा खावा, यालाही महत्त्व आहे. 'क' जीवनसत्त्व सालीत आणि सालीलगतच्या गरात अधिक असते. साल काढून खाणारा माणूस फळाचा चांगला भाग टाकून देतो. धुऊन सालीसकट खावा. उष्णतेने हे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते, म्हणून भाजी-जेलीपेक्षा कच्चा पेरू श्रेष्ठ. चिरून फार वेळ उघडा ठेवू नये. आमच्या घरी आता पेरूची कोशिंबीर नेमाने होते. बारीक चिरलेला पेरू, दाण्याचा कूट, मीठ, चिमूटभर साखर, हिरवी मिरची आणि कोथिंबीर. म्हाताऱ्या माणसांना बिया टोचत असतील तर मधला बियांचा भाग काढून त्यांना बाजूची फोड द्यावी.

खोकल्याविषयी एक शब्द. पेरूमुळे सर्दी-खोकला होतो याला आधार नाही. पेरूचा हंगाम आणि सर्दीचा हंगाम हिवाळ्यात एकाच वेळी येतो, म्हणून दोष पेरूवर आला. आई आता रोज एक फोड खाते. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पोटॅशियममुळे, आणि मधुमेहींनी प्रमाण ठरवण्यासाठी, आपल्या डॉक्टरांना विचारूनच पेरू खावा.

पेरूची कुळकथा

पेरू आपला वाटत असला तरी तो मूळचा उष्ण कटिबंधातील अमेरिकेचा. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत तो भारतात आला असे मानले जाते. शास्त्रीय नाव सिडियम ग्वाजावा. जांभूळ, लवंग आणि निलगिरी ही त्याची कुळबंधू झाडे. विदर्भात त्याला जांब किंवा जाम म्हणतात.

आपल्याकडची प्रसिद्ध जात 'सरदार' किंवा 'लखनौ ४९' हिचा जन्म मात्र महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ प्रयोग केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ साली लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून ही निवड केली. नाव लखनौचे, पण निवड पुण्याची. फळ मोठे, गर पांढरा, चव आंबटगोड, झाड पसरट. जवळजवळ शंभर वर्षे होत आली तरी घरासाठी हिच्याइतकी भरवशाची जात दुसरी नाही असे माझे मत आहे. त्याशिवाय 'अलाहाबाद सफेदा' ही जुनी गोड जात, लखनौच्या केंद्राची गुलाबी गराची 'ललित', बंगळुरूच्या संस्थेची 'अर्का मृदुला' व लाल गराची 'अर्का किरण' या जाती आहेत. अलीकडे 'तैवान पिंक' आणि मोठ्या फळांची 'व्हीएनआर बिही' यांची लागवड वाढली आहे. आपल्या राज्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता परिसर पेरूसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

लागवड

पेरू हे काटक झाड आहे. हलकी, मध्यम, थोडी चुनखडीची अशी कोणतीही जमीन त्याला चालते. फक्त मुळाशी पाणी साचून राहणे त्याला सोसत नाही.

१. कलम की बी? बियांपासून केलेले झाड मूळ झाडासारखे फळ देईलच याची खात्री नसते आणि फळही उशिरा येते. म्हणून कलमच लावावे. पेरूची दाब कलमे, गुटी कलमे व पाचर कलमे होतात. गुटी कलम विद्यार्थीसुद्धा करू शकतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडावी. तिच्यावरची अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल अंगठीसारखी गोल काढावी. त्या जागी भिजवून पिळलेले शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिकचा कागद दोन्ही टोकांना घट्ट बांधावा. साधारण महिना-दीड महिन्यात आत पांढरी मुळे दिसू लागतात. मग गुटीच्या खाली कापून कलम पिशवीत लावावे आणि काही आठवडे सावलीत ठेवावे.

२. खड्डा : उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्यावा. नंतर चांगली माती, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून भरावा. जून-जुलैत चांगला पाऊस झाल्यावर कलम लावून काठीचा आधार द्यावा.

३. अंतर : पूर्वापार अंतर ६ मीटर बाय ६ मीटर आहे. त्यात एकरी सुमारे ११२ झाडे बसतात. घन लागवडीत ३ बाय २ मीटरवर एकरी ६७० च्या आसपास झाडे लावतात, पण मग दरवर्षी छाटणी चुकवून चालत नाही. ज्याच्याकडे फक्त पाच गुंठे आहेत त्याचीही जुन्या अंतराने १४ झाडे होतात. परसात लावायचे तर भिंतीपासून आठ-दहा फूट दूर लावावे.

४. वळण व छाटणी : जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत खोड मोकळे ठेवावे. त्यावर चार दिशांना तीन-चार फांद्या राखाव्यात. पेरूला फूल नव्या फुटीवर येते, हे सूत्र लक्षात ठेवावे. म्हणूनच फळे काढून झाल्यावर हलकी छाटणी केली की नवी फूट येते आणि तिच्यावर फुले येतात. छाटणीच्या भीतीने झाड उंच वाढू दिले तर फळे पोपटांची होतात, आपली होत नाहीत.

५. बहार : पेरूला वर्षातून तीन वेळा फुले येऊ शकतात. आंबे बहाराची फुले फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात व फळे पावसाळ्यात मिळतात. मृग बहार जून-जुलैत फुलतो आणि फळे हिवाळ्यात येतात. हस्त बहाराची फुले ऑक्टोबरच्या सुमारास येतात. पावसाळी फळ पाणचट असते व त्यात फळमाशीच्या अळ्या होतात. म्हणून महाराष्ट्रात मृग बहार घेणे उत्तम. त्यासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, हलक्या जमिनीत महिनाभर तर भारी जमिनीत त्याहून अधिक. पाने गळू लागली म्हणून घाबरू नये. मे अखेरीस आळे खणून खत द्यावे आणि पाणी सुरू करावे. फुलापासून फळ तयार व्हायला चार-पाच महिने लागतात. कलमी झाडाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरते.

६. कीड-रोग : फळमाशी हा पेरूचा मोठा शत्रू. तिने फळात अंडी घातली की आत अळ्या होतात व फळ गळते. अशी फळे झाडाखाली सडू देऊ नयेत. गोळा करून दोन फूट खोल पुरावीत. नर माश्यांसाठी मिथिल युजेनॉलचा सापळा टांगावा. परसातल्या झाडासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फळ लिंबाएवढे झाले की त्यावर कागदी पिशवी बांधणे. यात मुलांचा वेळही चांगला जातो. पिठ्या ढेकणासाठी निंबोळी अर्काची फवारणी करावी. फळावर तपकिरी खपल्या पडणाऱ्या रोगाला आपले शेतकरी 'देवी' म्हणतात. त्यासाठी झाडात हवा खेळती ठेवावी आणि रोगट फांद्या-फळे काढून टाकावीत.

७. काढणी : गडद हिरवा रंग फिका पिवळसर झाला की फळ देठासह काढावे. पेरू काढल्यावरही पिकत राहतो व दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, म्हणून दूर पाठवायचा असेल तर किंचित आधी काढून कागदात गुंडाळावा.

एक सावधगिरी

माझ्या चुलतभावाने तीन वर्षांपूर्वी एक एकर पेरू लावला. शेजारगावच्या कोणाला तरी चांगला भाव मिळाल्याचे ऐकले आणि रस्त्याच्या कडेला गाडीतून विकायला आलेली सहाशे रोपे स्वस्तात घेतली. पावती घेतली नाही. दुसऱ्या वर्षी पाने पिवळी-तांबूस होऊन झाडे एकामागून एक वाळू लागली. उपटून पाहिले तर मुळांवर गाठीच गाठी होत्या. सूत्रकृमीची लागण रोपांच्या पिशवीतूनच आलेली होती. रोपे देणाऱ्याचा पत्ता नाही, पावती नाही, तक्रार करणार कोणाकडे? मी बँकेत बसून दिवसभर लोकांना पावत्या देतो, पण माझ्याच घरच्या माणसाला "पावती घे" असे सांगायला मी तेथे नव्हतो, याची रुखरुख अजून आहे. कर्जाचे हप्ते तो अद्याप मजुरी करून फेडतो आहे.

म्हणून शेतीवर लागवड करणाऱ्यांना तीन सूचना. पहिली, रोपे परवानाधारक किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत, दोन-चार पिशव्या फाडून मुळे पाहावीत आणि पावती जपून ठेवावी. दुसरी, एका वर्षाचा भाव ऐकून कर्ज काढू नये. सगळ्यांनी एकदम लावलेले फळ एकदमच बाजारात येते. आधी पाच-दहा गुंठ्यांत अनुभव घ्यावा. तिसरी, अनुदानाची चौकशी लागवडीआधी करावी, नंतर नव्हे. महाराष्ट्रात १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली आणि २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची फळबाग योजना आली. योजनांची नावे आणि अटी बदलत असतात. म्हणून सातबारा घेऊन तालुका कृषी कार्यालयात स्वतः जावे, मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

समारोप

ज्यांना शेत नाही अशांची संख्या आपल्यात मोठी आहे, हे मी जाणतो. परंतु पेरूला शेत लागत नाही. घरामागची सहा हात जागा, शाळेचे कुंपण, वसतिगृहाचे आवार, तेही नसेल तर अर्धा कापलेला ड्रम पुरतो. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी त्याला चालते, साबणाचे मात्र घालू नये. वडिलांनी ते झाड लावले तेव्हा त्यांना 'क' जीवनसत्त्व हा शब्दही माहीत नव्हता. त्यांनी आपले काम करून ठेवले होते. फळ आपल्याच दारात असून त्याची किंमत न कळणे, ही चूक आम्ही शिकल्यासवरलेल्यांनी केली.

विद्यार्थी मित्रांनी या पावसाळ्यात एक तरी गुटी बांधावी. भगिनींनी जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलून ताटात पेरूची एक फोड ठेवावी. मुलगी दमते, तिला झोप येते, असे दिसले तर तिला रागावण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यावे. आणि पुढच्या वेळी आजाऱ्याला भेटायला जाताना, डॉक्टरांची हरकत नसेल तर, पिशवीत चार पेरू न्यावेत. संकोच वाटण्याचे काही कारण नाही, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.